तीस वर्षं जुन्या मार्बलची चमक परत येते का? नागपुरात पॉलिश करून घेतलेल्यांनी सांगा

प्रतापनगरची_लेक
नमस्कार मंडळी, आईच्या घरच्या फरशीबद्दल विचारायचं आहे. घर प्रतापनगरचं, १९९४ चं बांधकाम. बाबांनी तेव्हा खास मकराना मागवला होता आणि हॉल, देवघर, दोन खोल्या, स्वयंपाकघर सगळीकडे तोच बसवला, अंदाजे नऊशे फूट असेल. बाबा आता नाहीत. फरशी पार निस्तेज झाली आहे, दारापासून सोफ्यापर्यंत जायच्या वाटेवर तर खडूने घासल्यासारखा पांढुरका पट्टा पडला आहे. देवघरासमोर तेलाचे डाग, स्वयंपाकघरात सिलेंडरच्या बुडाचा गंजाचा गोल, आणि ज्या खिडकीत कूलर लागतो तिथे खाली क्षारांचा थर.

मागच्या आठवड्यात आईच्या खोलीतला दिवाण सरकवला तर त्याच्याखालची फरशी लख्ख. ट्यूबलाइटची पूर्ण दांडी त्यात दिसून राहिली होती, आणि हातभर अलीकडे काहीच नाही. आई खाली बसली, त्या जागेवरून हात फिरवत म्हणाली, "ही होती बघ आपली फरशी." तेव्हापासून हाच विषय डोक्यात आहे.

दोघांना बोलावलं. एक म्हणतो एका दिवसात केमिकल मारून चमकवून देतो, १२ रुपये फूट. दुसरा म्हणतो आधी घासाई मग पॉलिश, पाच-सहा दिवस लागतील, ४५ रुपये फूट आणि घर रिकामं करून द्या. मामा म्हणतात कशाला नाद करता, वरून व्हिट्रिफाइड टाइल मारा. आमच्याकडे महालक्ष्म्या असतात, चाळीस-पन्नास पानं उठतात, त्याच्या आधी व्हायला पाहिजे. काय करू?

मानेवाडा_चौक
ताई मकरानावर टाइल मारू नका हो. एवढंच सांगायला लॉगिन केलं.

निवृत्त_अभियंता
दिवाणाखालची जागा तुम्ही पाहिलीत, त्यातच तुमचं उत्तर आहे. दगड मेलेला नाही, फक्त वरचा कागदाएवढा थर झिजला आहे.

मार्बल म्हणजे कॅल्साइट, कॅल्शियम कार्बोनेट, कडकपणा मोह्जच्या मोजपट्टीवर (१ सर्वात मऊ, १० सर्वात कडक) ३. आपल्या चपलांना लागून जी वाळू घरात येते ती क्वार्ट्झ, कडकपणा ७. रोज त्याच वाटेवरून माणसं चालतात तर वर्षानुवर्षं ती वाळू पायाखाली सँडपेपरसारखी फिरते, म्हणून तुमच्या हॉलमधे पट्टा पडला आणि सोफ्याखाली नाही पडला. चमक म्हणजे दुसरं काही नसते, पृष्ठभाग इतका सपाट की प्रकाश एकाच दिशेने परत येतो. बारीक ओरखडे पडले की तोच प्रकाश दहा दिशांना विखुरतो आणि आपल्याला दगड पांढुरका दिसतो. म्हणून चमक आणायची तर ते ओरखडे काढावे लागतात, वरून काही ओतून ते जात नाहीत. १२ रुपयेवाला जे मारेल ते मेण किंवा तसलंच कोटिंग असण्याची शक्यता जास्त. आठ-पंधरा दिवस छान दिसेल, मग त्याच्यावर धूळ बसेल, चालायची वाट पुन्हा उघडी पडेल आणि कोपऱ्यात पिवळेपणा राहील. तो नंतर काढायला वेगळा खर्च.

संत्रानगरी
काका बरोबर बोलले. आमच्याकडे धरमपेठेत असंच केमिकलवालं करून घेतलं होतं, दिवाळीत पाहुण्यांनी वाहवा केली अन् होळीपर्यंत सगळं चट्ट्याचट्ट्याचं झालं. पोछा मारला की पायाचे ठसे उठत. शेवटी सगळं खरवडून पुन्हा घासाई करावी लागली, म्हणजे पैसे दोनदा गेले. कोणी केलं ते नाव घेत नाही, पण स्वस्ताच्या नादात आम्हीच फसलो अन् आईने तो कोपरा किती दिवस रोज पुसला ते मला आठवते.

घोटाईवाला
ताई मी याच धंद्यात आहे, वडील मोझेकची घोटाई करायचे, मी मार्बल-ग्रॅनाइट करतो, २२ वर्षं झाली. इथे काम मागायला आलो नाही, पण मकराना म्हटलं अन् राहवलं नाही. जरा लांब लिहितो.

घासाई म्हणजे काय ते आधी समजून घ्या म्हणजे कोणी फसवणार नाही. मशीनखाली बट्टी लागते, म्हणजे घासायचा दगड, कार्बोरंडमचा, किंवा आता डायमंडचे पॅड. तिला नंबर असतात. नंबर लहान तेवढी बट्टी खरबरीत. ६० ने सुरू केलं तर ६० दगड कापते, फरश्यांची उंच-नीच काढते, पण स्वतःचे खोल ओरखडे सोडते. मग १२० चं काम एवढंच की ६० चे ओरखडे पुसायचे. २२० चं काम १२० चे पुसायचे. असं करत ४००, ६००, ८००, मग डायमंडमधे १५०० अन् ३००० पर्यंत जाते. प्रत्येक नंबर आपल्या आधीच्याचं पाप धुते, असं माझे वडील म्हणायचे. आता ज्याला लवकर निघायचं असते तो मधले नंबर गाळते. १२० वरून सरळ ६०० लावते. ओल्या फरशीवर तुम्हाला काही कळत नाही कारण पाणी असलं की कोणताही दगड चमकते. वाळली की सकाळच्या उन्हात खिडकीजवळ गोल गोल चाकोऱ्या दिसतात, त्या मग वरच्या कोणत्याच पॉलिशने जात नाहीत, पुन्हा खाली उतरावं लागते.

म्हणून माझं सांगणं, प्रत्येक नंबरनंतर एका फरशीवरचं पाणी पुसून, फॅन लावून ती कोरडी करून बघा. मोबाईलचा टॉर्च जमिनीला टेकवून आडवा मारा. गोल रेघा दिसल्या तर त्याला म्हणा दादा अजून एक हात फिरवा. चांगला कारागीर याच्यावर रागावत नाही, तोही असंच बघते.

तुमची फरशी घरात लागलेली आहे, मकराना आहे, ठोकून बसवली आहे, सांधे समतल असतील तर ६० ची गरजच नाही. अंगठ्याचं नख सांध्यावरून फिरवा, अडकलं तर उंच-नीच आहे. नाही अडकलं तर १२० किंवा २२० पासून सुरू करा, दगड कमी झिजेल, पैसेही कमी लागतील. त्या ४५ वाल्याला विचारा कुठल्या नंबरपासून सुरू करणार अन् कुठे संपवणार. जो नंबर सांगते त्याला काम द्या, जो नुसतं "टेन्शन घेऊ नका, काचेसारखं करून देतो" म्हणते त्याला नको.

शेवटी जुन्या पद्धतीत ऑक्झॅलिक ॲसिडची पावडर टाकून, थोडं पाणी मारून, नमद्याने घोटतात. नमदा म्हणजे लोकरीचा गठ्ठा. ते हलक्या हाताने अन् प्रमाणात, पावडर मूठभर जास्त टाकली की दगड जळते. काही जण टिन ऑक्साइड वापरतात, महाग आहे पण मकरानावर त्याची चमक फार नितळ येते.

प्रतापनगरची_लेक
दादा, इतकं नीट कोणीच समजावून सांगितलं नव्हतं, खूप खूप धन्यवाद. नख फिरवून पाहिलं, हॉलमधे कुठेच अडकलं नाही, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याजवळ दोन फरश्यांवर अडकलं. दुसऱ्या माणसाला फोन करून विचारलं तर तो म्हणाला, "उंबऱ्याजवळ ८० लागेल, बाकी १२० पासून, मग २२०, ४००, ८००, १५००, ३०००." पहिल्याने फोनच ठेवला.

दगडधोंडे
मकराना नाव आलंच आहे तर थोडं सांगतो, विषय जवळचा आहे. राजस्थानच्या नागौर भागातला हा दगड, ताजमहाल याचाच, कोलकात्याचं व्हिक्टोरिया मेमोरियल, जे १९२१ ला खुलं झालं, तेही याचंच. २०१९ मध्ये याला जगाच्या वारसा दगडांच्या यादीत जागा मिळाली. यात कॅल्साइटचं प्रमाण फार जास्त आणि दाणा घट्ट, म्हणून पाणी कमी पितो आणि पुन्हा पुन्हा पॉलिश घेतो. तीस वर्षांनी त्याला "जुना" म्हणणं त्याच्यावर अन्याय आहे.

आणि आपल्याला वाटते संगमरवर म्हणजे राजस्थान. आपल्या नागपूर जिल्ह्यातच, रामटेकच्या वर देवलापारकडे गेलात की सौसर समूह नावाच्या फार जुन्या खडकांत संगमरवराचे थर आहेत. मनसर-कांद्रीचं मँगनीज ज्या खडकांत आहे त्याच कुटुंबातले. पावसाळ्यात तिकडे जाणं झालं तर एखादा तुटका दगड हातात घ्या, फोडलेल्या कडेला साखरेसारखे दाणे चमकतात. तुमच्या हॉलच्या फरशीतही तेच आहे, फक्त सपाट केलेलं.

खामल्याची_काकू
मुली, सगळं पॉलिश होईल पण नंतर काय करायचं ते माझ्याकडून ऐक. मार्बलला आंबट चालत नाही. लिंबू, चिंच, दही, व्हिनेगर, संत्र्याचा रस, सगळ्याने पॉलिश खाऊन टाकते. आपण नागपूरची माणसं, हिवाळाभर घरात संत्री, पोरं जमिनीवर बसून सोलतात अन् फोडी पिळतात, तिथे पुसटसे ठिपके राहतात. ते डाग नसतात बरं, घासून जात नाहीत, तिथला दगडच विरघळलेला असतो. माझ्या ओट्याजवळ लिंबू पिळायची जागा होती, तिथे हाताला खरबरीत लागायची.

अन् ॲसिड! संडास साफ करायचं ॲसिड कोणी फरशीवर टाकलं तर मी त्याला घरात उभं करत नाही. आमच्या आधीच्या बाईने सणाच्या आदल्या दिवशी चांगल्या मनाने "स्वच्छ करते काकू" म्हणून बाथरूमच्या उंबऱ्यापासून ओतलं, फसफस फेस आला, अन् ती जागा कायमची मेली. बाईचा काय दोष, कोणी सांगितलंच नव्हतं तिला. मी तेव्हापासून प्रत्येक नवीन बाईला पहिल्याच दिवशी सांगते.

पुसायला साधं पाणी, फार तर भांड्याचं सौम्य साबण थेंबभर, अन् पोछा नीट पिळलेला.

संत्रानगरी
काकू कूलरचं सांगा ना, आमच्याकडे दरवर्षी तोच प्रॉब्लेम, मे महिन्यात पंचेचाळीस डिग्री, कूलर रात्रंदिवस, अन् खाली पांढरं पांढरं जमते.

निवृत्त_अभियंता
ते बोअरच्या पाण्यातले क्षार आहेत. पाणी उडून जाते, चुन्याचा थर मागे राहतो. तो थरही कॅल्शियम कार्बोनेटचाच, म्हणजे जो पदार्थ त्याला विरघळवेल तो खालचा मार्बलही विरघळवेल, त्यामुळे कूलरसाठी बाजारात मिळणारं डिस्केलर इथे वापरू नका. प्लास्टिकच्या पट्टीने किंवा बोथट पात्याने आडवं धरून हळूहळू उचलायचं, राहिलेलं पॉलिशच्या वेळी बट्टीखाली जाते. पुढच्या वर्षीपासून कूलरखाली ट्रे ठेवा आणि कॉर्पोरेशनचं नळाचं पाणी भरता आलं तर भरा.

आणखी एक. क्षार जर कूलरपासून लांब, फरशीच्या सांध्यांतून वर येत असतील तर तो खालून येणारा ओलावा आहे, भिंतीला लोणा लागतो तसाच. तिथे कितीही पॉलिश करा, पुन्हा येईल. आधी ओल कुठून येते ते शोधा. पाइप गळत असेल, बाहेरच्या अंगणाचा उतार घराकडे असेल, काहीही असू शकते. आपल्याकडे काळ्या मातीत पावसाळ्यात पाणी थांबते, त्यामुळे तळमजल्यावर हे बरंच दिसते.

वर्धमाननगर_वाला
आमच्याकडे इटालियन आहे, त्याला सहा महिन्यांनी क्रिस्टलायझेशन करून घेतो, स्टील वूल लावलेलं मशीन फिरवतात अन् स्प्रे मारतात. ते ताईंना चालेल का? मशीन येते, दोन तासात हॉल होते, एकदम हॉटेलसारखं दिसते.

घोटाईवाला
भाऊ ते वेगळं काम आहे, अन् वाईट नाही. त्या स्प्रेमधे फ्लुओसिलिकेट असते, स्टील वूलची रगड अन् मशीनचं वजन यांनी जी गरमी येते त्यात ते दगडातल्या कॅल्शियमशी रिॲक्ट होऊन वर एक पातळ कडक थर तयार करते. ज्याची घासाई आधीच चांगली झाली आहे त्याची चमक टिकवायला ते उपयोगी आहे. पण झिजलेल्या, ओरखडे पडलेल्या फरशीवर डायरेक्ट केलं तर ओरखडेच चमकतात. ताईंनी आधी घासाई-पॉलिश करावं, नंतर वाटलं तर वर्षा-दोन वर्षांनी हे. अन् स्टील वूलचे तुकडे नीट झाडून घ्या, एक तार जरी ओल्यात राहिली तर गंजाचा ठिपका उठते. ग्रॅनाइटवर हे चालत नाही, त्यात कॅल्साइटच नसते.

प्रतापनगरची_लेक
देवघरासमोरच्या तेलाचं आणि सिलेंडरच्या गंजाचं काय करू? घासाईत जातील का?

घोटाईवाला
तेल आत मुरलेलं असते, वरचा थर गेला तरी सावली राहते. आधी लेप लावा. खाण्याच्या सोड्यात पाणी अन् भांड्याच्या साबणाचे थेंब टाकून श्रीखंडाएवढा घट्ट लेप करायचा, डागावर अर्धा इंच थापायचा, वरून प्लास्टिक टाकून कडेला टेप, एक दिवस ठेवायचा, मग प्लास्टिक काढून पूर्ण वाळू द्यायचा. वाळता वाळता तो तेल वर ओढते. दोन-तीनदा करावं लागते. ताजमहालावर मुलतानी मातीचा लेप देतात त्याचं तत्त्वही हेच.

गंजाचं खरं सांगतो, शंभर टक्के जाईल असं वचन देत नाही. गंज काढायची जी औषधं असतात त्यातली बहुतेक आंबट, ती मार्बल खातात. घासाईत फिकं होईल. सिलेंडरखाली चाकांची ट्रॉली घ्या म्हणजे नवीन होणार नाही.

मानेवाडा_चौक
एक महत्त्वाचं राहिलं, ते दुधासारखं पाणी कुठे जाणार ते आधी ठरवा. माझ्या साळ्याच्या फ्लॅटमधे घासाईचा सगळा रबडा कामगारांनी बाल्कनीच्या जाळीतून धुऊन काढला. तिसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरच्यांच्या बाथरूममधे पाणी उलटं यायला लागलं. प्लंबरने नाणी ट्रॅप, म्हणजे जाळीखालचा पाणी जायचा भाग, खोलला तर आत पांढरा दगड झालेला, छिन्नीने फोडून काढला. भांडण झालं, पाइपाचा तुकडा बदलावा लागला, अन् शेजारी दोन महिने बोलले नाहीत.

बादलीत भरून काढायला लावा, अंगणात गोणपाटावर ओता, पाणी झिरपले की वाळलेलं पोत्यात भरा. सगळ्या जाळ्यांवर चिंध्या कोंबून टेप मारा.

निवृत्त_अभियंता
आणि विजेचं बघा. ओल्या फरशीवर दोन-तीन एचपीची मोटर अन् जोड दिलेली वायर, हे मी साइटवर फार पाहिलं आहे. वायर अखंड पाहिजे, अर्थिंगचा पिन खरा पाहिजे आणि घरात आरसीसीबी (करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच) नसेल तर कामाआधी इलेक्ट्रिशियन बोलावून लावून घ्या. कामगारांना रबरी बूट आहेत का बघा. ती पोरं कोणाची तरी लेकरं आहेत.

प्रतापनगरची_लेक
काम झालं. सात दिवस लागले. सांगते कसं झालं.

आईला बहिणीकडे पाठवणार होते पण ती ऐकली नाही, मागच्या खोलीत राहिली, शेवटी ती खोली सर्वात शेवटी घेतली. आरसीसीबी लावला, काका तुमच्यामुळे. जाळ्या बंद केल्या. रबडा एकूण अकरा पोती निघाला, पाहून धक्का बसला. स्कर्टिंगवर मात्र उडालेलं वाळून बसलं, ते दोन दिवस ओल्या फडक्याने काढत होतो, त्याला आधी प्लास्टिक लावायला पाहिजे होतं.

४०० नंतर मी एक फरशी पुसून टॉर्च आडवा लावला. मिस्त्री स्वतःच खाली बसले, गाल जवळजवळ जमिनीला टेकवला आणि म्हणाले, "ताई, इथं राहिलं, बरोबर पकडलं तुम्ही." पुन्हा २२० वर गेले, कुरकुर नाही. ८०० नंतर पहिल्यांदा खिडकीच्या गजांची अंधुक सावली फरशीत दिसली. १५०० ला गज मोजता यायला लागले. ३००० झालं तेव्हा संध्याकाळ होती, लाइट गेले होते, आणि बाहेरच्या आभाळाचा जांभळा रंग हॉलभर पसरला होता. आई मागच्या दारातून आली, उंबऱ्यावर उभी राहिली. आत यायलाच तयार नव्हती, पाय कसा ठेवू म्हणे.

तेलाचे डाग तीन लेपांत गेले, एक पुसट राहिला. गंजाचा गोल फिका झाला पण आहे. दिवाणाखालची जागा आता ओळखू येत नाही, सगळीकडे सारखंच झालं आहे.

खामल्याची_काकू
डोळ्यात पाणी आलं गं वाचून. बाबांचा दगड वाचवलास. दाराच्या बाहेर एक अन् आत एक असे दोन पायपुसणे टाक, वाळू तिथेच अडू दे. सोफ्याच्या, खुर्च्यांच्या पायांना फेल्टचे तुकडे चिकटव.

प्रतापनगरची_लेक
काकू, दोन्ही केलं. महालक्ष्म्या पण नीट पार पडल्या, सेहेचाळीस पानं झाली, सगळ्यांना आसनं आणि पानांखाली मोठ्या चटया टाकल्या. तरी एका छोट्या पोराच्या हातून आंबिलीची वाटी कलंडली. मी धावत जाऊन लगेच पुसली, पाण्याने दोनदा पुसली, पण सकाळी बघते तर रुपयाच्या नाण्याएवढी जागा मंद झाली आहे. घोटाईवाले दादा, एवढ्यासाठी पुन्हा मशीन आणावं लागेल का?

घोटाईवाला
नाही ताई. बोट फिरवून बघा, जागा गुळगुळीत लागत असेल तर नुसतं पॉलिश गेलं आहे, १५०० अन् ३००० चा हातातला पॅड, थोडं पाणी, गोल गोल दहा मिनिटं, कडेकडेने बाहेर पसरवत जायचं म्हणजे खड्डा दिसत नाही. खरबरीत लागत असेल तर ८०० पासून. ज्यांनी काम केलं त्यांनाच बोलवा, त्यांना तुमचा दगड माहीत आहे. अर्ध्या तासाचं काम आहे.

प्रतापनगरची_लेक
गुळगुळीत लागते. फोन केला, रविवारी येतो म्हणाले.